नांगरटीनंतर शेतात दिसणारी खापरं: उचलण्याआधी काय बघावं?

प्रवराकाठ
वैशाखातली खोल नांगरट झाली आहे, ढेकळं तापून फुटली आहेत. वळवाच्या एका सरीनं वरची धूळ धुऊन निघाली की शेतात जे दिसतं, ते वर्षभरात पुन्हा तितकं स्पष्ट दिसत नाही. पेरणी झाली की रान पिकाखाली गेलं. म्हणून हा धागा आत्ताच काढतोय.

प्रवरेच्या काठी माझ्या मामांची जमीन आहे. गाव मुद्दाम सांगत नाही, का ते चर्चेत पुढे येईलच. सगळं रान काळं, पण नदीकडच्या चढावरच्या कोपऱ्यात माती राखट, पिठूळ. घरात त्या तुकड्याला पहिल्यापासून ‘पांढरीचं वावर’ म्हणतात; पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची जागा. मी पुरातत्त्वात एम.ए. केलं, आता नोकरी वेगळ्याच क्षेत्रात आहे; पण ही जमीन डोक्यातून जात नव्हती. मामांच्या परवानगीनं आणि वर्गातल्या दोन मैत्रिणींच्या मदतीनं आम्ही तिची रीतसर पाहणी केली. खोदकाम अजिबात नाही, फक्त चालणं आणि नोंद.

पद्धत सोपी आहे. विहिरीचा कठडा हा न हलणारा बिंदू धरला. तिथून टेप लावून खुंट्या ठोकल्या आणि सुतळीनं १० मीटर बाय १० मीटरचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनाला क्रमांक. मग दोन-दोन मीटरवर उभं राहून एका रेषेत सावकाश चालायचं, नजर जमिनीवर. सकाळचं तिरपं ऊन असेल तर उत्तम, दुपारी सगळं सपाट दिसतं. खापरं, दगडी छिलके, हाडं, विटांचे तुकडे, जे दिसेल ते चौकोनाप्रमाणे मोजायचं. उचलायचं मात्र फार थोडं: भांड्याचा काठ, बूड, तोटी, रंगकाम असलेला तुकडा, म्हणजे ज्यावरून भांडं ओळखता येईल तेवढंच. ते चौकोनाचा क्रमांक लिहिलेल्या पिशवीत. बाकी सगळं जिथल्या तिथे.

चढावरच्या कोपऱ्यात खापरं दाट. बरीचशी पातळ, तांबडी, काळ्या रेघांची, बोटानं टिचकी मारली की खणखणणारी. लांब नळीसारखी तोटी मिळाली. जाड रांजणांचे तुकडे मिळाले, अंगावर मातीची पट्टी चिकटवून तिच्यावर बोटाचे ठसे उमटवलेले. हे सगळं जोर्वे संस्कृतीचं, म्हणजे इथल्या जुन्या शेतकरी वसाहतींचं, ढोबळमानानं इ.स.पू. १४०० ते ७०० या काळातलं. याच चौकोनांत भाजलेल्या मातीचे ढेपसे होते आणि त्यांच्यावर काठ्यांचे ठसे होते. कुडाची भिंत लिंपलेली असते आणि घर जळतं तेव्हा तो लिंपणाचा गिलावा भाजून टिकतो, तो हा. शेजारी पाट्याचा तुकडा आणि मातीचे गोफणगुंडे.

तिथून बांधाकडे सरकलं की खापरं विरळ होतात आणि गारगोटीचे छिलके वाढतात. कॅल्सेडनी या गारगोटीसारख्या दगडाची नखाएवढी पाती, आणि पाती काढून उरलेला गाभा, अंगावर उभ्या खाचा असलेला. एकाच भागात गाभे, छिलके आणि मोडकी पाती एकत्र सापडतात, तेव्हा तिथे कोणीतरी बसून हत्यारं घडवत होतं असं म्हणायला जागा होते.

खालच्या अंगाला, जुन्या गाडीवाटेजवळ, काचेच्या बांगड्यांचे तुकडे आणि बरीच अलीकडची खापरं. तीही थोडी, बारीक, कडा झिजलेल्या.

एवढं सांगण्याचं कारण असं. यातला एकही तुकडा संग्रहालयाच्या काचेत ठेवण्याजोगा नाही. पण घरं इथे, हत्यारं घडवायची जागा तिथे, आणि खालचं सगळं खताबरोबर वाहून आलेलं, हे त्या तुकड्यांच्या जागेनं सांगितलं. आधी कोणी चांगले चांगले तुकडे वेचून नेले असते तर हे कळायला काही मार्ग उरला नसता. शेतात सापडणारी खरी वस्तू म्हणजे खापरांची मांडणी, आणि ती एकदाच वाचता येते. आपापल्या भागातलं लिहा, फोटो असतील तर टाका, शंका विचारा.

गोदातीर
फार छान धागा. वाचनखूण साठवली. एक अगदी प्राथमिक शंका: जोर्वेचं खापर आणि आमच्या परसातल्या फुटक्या माठाचं खापर यातला फरक माझ्यासारखीनं कसा ओळखायचा? दोन्ही तांबडीच.

प्रवराकाठ
ताई, प्राथमिक मुळीच नाही, सगळं इथूनच सुरू होतं. आधी तुकड्याची फुटलेली कड बघा. जोर्वेची माती बारीक मळलेली, नीट भाजलेली असते, म्हणून आवाज खणखणीत येतो. बाहेरून तांबडा किंवा नारिंगी लेप, त्यावर काळ्या रंगात भूमितीच्या आकृत्या: तिरप्या रेघा, जाळी, चौकटी. वाडग्यांच्या पोटाला कोनासारखा ठळक मोड असतो. माठाचा तुकडा जाडसर, भुरकट, भोकाळ असतो, कारण पाणी गार राहायला तो पाझरावाच लागतो.

त्यानंतरच्या काळात जाल तर आतून काळं आणि बाहेरून किंवा काठाखाली तांबडं असं दुरंगी खापर येतं. भांडं भट्टीत पालथं ठेवून भाजलं की आतल्या बाजूला हवा पोचत नाही आणि ती काळी राहते. सातवाहन काळात तांबडी चकाकी असलेली गुळगुळीत खापरं मिळतात, आणि सोबत आजच्या विटेच्या जवळपास दुप्पट लांबीच्या विटा. ओळख पटायला वेळ लागतो, पण एका जिल्ह्याच्या संग्रहालयात दोन तास खापरांच्या कपाटापुढे उभं राहा, पुष्कळ फरक पडेल.

शिवारातला
राम राम मंडळी. मी शेती करतो, पुस्तकातलं एवढं कळत नाही, पण एक सांगतो. आमच्या गावाला मोठं पांढरीचं टेकाड होतं. माझ्या आज्याच्या काळापासून लोक बैलगाड्या भरून त्यातली माती नेत. धाब्याच्या घरावर टाकायला लागायची, आणि रानात टाकली तर पीक जोरात यायचं. पुढं ट्रॅक्टर आले, मग जेसीबी. आता टेकाड ढुंगणाएवढं उरलंय. ती माती गावच्या निम्म्या शिवारात पसरली आणि तिच्यातली खापरंबी. आता तुमच्यासारखा कोणी माझ्या रानात चौकोन पाडून बसला तर म्हणेल इथं गाव होतं. तिथं कधी गाव नव्हतं, आम्हीच टाकलीय माती.

प्रवराकाठ
दादा, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायचे तो, जोर्वेचा) आणि सातवाहन काळातल्या कितीतरी वसाहती अशाच गेल्या. जुन्या वस्तीत राख, शेण, हाडं कुजून माती खताची होते, म्हणून ती उचलली जाते. शेतकऱ्याला दोष देण्याचं कारण नाही, पिढ्यान्‌पिढ्या ते खतच होतं.

वाहून आणलेली माती ओळखायच्या काही खुणा आहेत. खापरं सगळ्या रानात सारखी विखुरलेली असतात, कुठे दाट कुठे विरळ असं नसतं. तुकडे लहान आणि कडा गोल झालेल्या असतात. वेगवेगळ्या काळांची सरमिसळ असते. भाजलेल्या गिलाव्याचे मोठे ढेपसे, पाट्याचे जड तुकडे असलं सहसा मिळत नाही, कारण पाटीत भरताना ते बाजूला टाकतात. पण या सगळ्यापेक्षा खात्रीचा पुरावा म्हणजे तुमच्यासारख्या माणसाची आठवण. कुठून माती काढली, कुठल्या गटात टाकली, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आत्ता लिहून घेतलं नाही तर दहा वर्षांनी सांगायला कोणी नसेल. तुम्ही लिहून ठेवाल का?

शिवारातला
लिहितो. आमचे नाना ऐंशीच्या पुढचे हायत, त्यांना सगळं ठावं हाय.

मृदगंध
मृदाशास्त्र हा माझा विषय, म्हणून मातीच्या बाजूनं थोडी भर घालतो. काळी कापसाची जमीन उन्हाळ्यात आकसते, हातभर खोल भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते. वरची बारीक वस्तू भेगेतून खाली जाते, आणि फुगण्या-आकसण्याच्या या दाबानं मोठा दगड किंवा मोठं खापर हळूहळू वरही येतं. त्यामुळे काळ्या रानात पृष्ठभागावरच्या खापरांवरून खालच्या थरांचा क्रम सांगू नये. पांढरीच्या मातीत चिकणमाती कमी, त्यामुळे तिथे ही घालमेल बरीच कमी असते.

दुसरं, औजार. लाकडी नांगर फार तर वीतभर जायचा. ट्रॅक्टरचा पलटी नांगर फूटभर आणि कधी त्याहून खोल जातो आणि माती उलटी करतो. उसासाठी त्याहून खोल जमीन फोडणारं औजार फिरवतात. म्हणजे तीन हजार वर्षं जो थर बैलाच्या नांगराखाली शाबूत राहिला तो एका हंगामात वर येतो. खापराची कड बघा: ताजी, टोकदार, आतला रंग चमकणारी असेल तर ते खापर गेल्या एक-दोन नांगरटींतच वर आलंय आणि खालचा थर या क्षणी फुटतोय. सगळ्या कडा गुळगुळीत असतील तर ते पुष्कळ वर्षं वरच फिरतंय. पाहणी करताना कड ताजी की जुनी अशी वेगळी रकाना-नोंद ठेवलीत तर ती फार उपयोगी पडेल.

प्रवराकाठ
मनापासून आभार. चढावरच्या चौकोनांत ताज्या कडा खूप होत्या, आणि तीच काळजीची गोष्ट आहे. मामांशी याच मुद्द्यावर बोललो. त्या कोपऱ्यात खोल नांगरट करायची नाही, वरवर वखरणी करून हरभरा घ्यायचा, असं त्यांनी कबूल केलंय.

तगरवासी
आमच्या तेरबद्दल लिहायलाच हवं. तेर म्हणजे प्राचीन तगर, धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या काठी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणांत पैठण आणि तगर ही दख्खनची दोन मोठी बाजारपेठ-गावं म्हणून येतात. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून मौल्यवान दगड, तगरहून कापड, गाड्यांतून भडोचला जाई.

तेरच्या आसपासच्या टेकाडांवर आणि रानांत पाऊस पडून गेला की मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्तींचे तुकडे वर येत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि तो संग्रह शासनाकडे सोपवला. तेरचं शासकीय वस्तुसंग्रहालय आज त्यांच्याच नावानं उभं आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहिली की इटलीत पोम्पेईला सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीची आठवण होते, इतकं साम्य आहे.

आता माझा प्रश्न. लामतुरेंनी चौकोन पाडले नव्हते. त्यांनी वस्तू उचलून जपल्या म्हणून त्या वाचल्या, नाहीतर वितळवून, विकून गेल्या असत्या. तेव्हा “उचलू नका” हा नियम सरसकट लावता येईल का?

मणिमाला
तगरवासींना अनुमोदन. माझ्याकडे लहानपणापासून जमवलेले अकीकाचे आणि कार्नेलियनचे (तांबड्या अकीकाचे) मणी आहेत. मी उचलले नसते तर रोटाव्हेटरखाली चुरा झाला असता, किंवा कोणीतरी दलालाला विकले असते. घरात जपून ठेवणारा माणूस गुन्हेगार कसा?

प्रवराकाठ
मणिमाला, तगरवासी, तुमचं म्हणणं मी गंभीरपणे घेतोय. लामतुरेंनी जे केलं ते त्या काळात दुसरं कोणी करत नव्हतं, आणि त्या संग्रहाशिवाय तेर आपल्याला आज जितकं कळतं तितकं कळलं नसतं. त्यांनी तो घरात न ठेवता लोकांच्या हवाली केला हेही विसरू नये. तरी वस्तू वाचली आणि तिची जागा हरवली तर काय होतं याचं उदाहरण आमच्याच प्रवरेवर आहे: दायमाबाद.

दायमाबाद श्रीरामपूर तालुक्यात. १९५८ साली बोपर्डीकरांना ही वसाहत सापडली. त्यानंतर म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि शां. अ. साळी यांनी तिथे वेगवेगळ्या वेळी उत्खननं केली. सावळदा, उत्तर हडप्पा (म्हणजे हडप्पा संस्कृतीचा शेवटचा काळ), दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा संस्कृतींच्या एकावर एक वसाहती तिथे निघाल्या. महाराष्ट्राच्या ताम्रपाषाण काळाचा इतका सलग क्रम क्वचितच कुठे मिळतो.

१९७४ साली तिथे एका गावकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना चार धातूच्या वस्तू मिळाल्या. दोन बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. हत्ती आणि रेडा तर चाकं लावता येतील अशा पाटांवर उभे, आणि गेंडा चाकांच्या आसांना जोडलेल्या दांड्यांवर. चारही भरीव, एकूण वजन साठ किलोच्या वर. भारतातल्या प्राचीन धातुकामात याला तोड नाही. या वस्तू वितळल्या नाहीत, सरकारजमा झाल्या, हे आपलं भाग्य.

पण त्या कोणत्या थरात होत्या? शेजारी कुठलं खापर होतं? खड्डा कुठल्या पातळीवरून खणलेला होता? शास्त्रीय उत्खननात त्या निघाल्या नाहीत, म्हणून याचं थेट उत्तर कोणापाशी नाही. साळींनी पुढच्या उत्खननाच्या आधारे त्यांना उत्तर हडप्पा काळात ठेवलं. डी. पी. अग्रवालांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणाकडे बोट दाखवून शंका काढली, कारण त्या काळच्या इतर तांब्याच्या वस्तूंत ते इतकं आढळत नाही. वाद अजून मिटलेला नाही. इतक्या मोलाच्या वस्तू हातात असूनही त्या कोणी, कशासाठी घडवल्या हे आपण छातीठोकपणे सांगू शकत नाही. जमिनीत शेजारी पडलेल्या एका मुठीएवढ्या खापरानं कदाचित ते सांगितलं असतं.

मणिमाला, तुमच्या मण्यांबद्दल: गुन्हा वगैरे मनातही आणू नका. प्रत्येक मणी कुठल्या वावरातला, ओढ्याच्या कुठल्या बाजूचा, कुठल्या साली, आठवेल तेवढं आजच लिहून काढा. गावाचा नकाशा काढून त्यावर खुणा करा. आठवणीतली जागासुद्धा जागाच असते. आणि एकाच ठिकाणचे अर्धवट भोक पाडलेले, मध्येच तडकलेले, न घासलेले मणी असतील तर मला नक्की कळवा. विकत घेतलेले मणी पूर्ण असतात, अर्धवट मणी जिथे सापडतात तिथे कारागीर बसलेला असतो.

मणिमाला
अर्धवट भोकाचे आहेत! मी ते खराब म्हणून वेगळ्या डबीत ठेवले होते. सगळे एकाच बांधाच्या कडेचे, हे नक्की आठवतं. आज रात्री नकाशा काढायला बसते.

वऱ्हाडी_माती
आमच्या नागपूरकडं चित्र येगळं हाय. तिकडं नांगराला लागतात ती शिळावर्तुळं. माहूरझरी, जुनापाणी ही नावं ठाऊक असतील. मोठमोठे धोंडे गोलाकार मांडलेले, आत मुरूम-मातीची भर, आणि तिच्याखाली लोहयुगातल्या माणसांचं दफन. माहूरझरीत घोड्याचे अवशेष आणि घोड्याचे तांब्याचे साज निघाले. जुनापाणीची वर्तुळं तर एकोणिसाव्या शतकातच रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं उकरली होती.

शेत सपाट करतेवेळी शेतकरी धोंडे बांधावर लोटून देतो. वर्तुळ गेलं असं वाटतं, पण भर अजून आत असते. नांगरलेल्या काळ्या रानात मधेच गोल तांबूस-पिवळी मुरमाड जागा दिसली, अन्‌ बांधावर एकाच मापाचे धोंडे रचलेले दिसले, की थांबा. तेवढी जागा सोडून नांगरा. लोखंडाचे गंजलेले तुकडे निघाले तर भंगारवाल्याले देऊ नका.

घाटमाथा
प्रवराकाठ, तुम्ही जोर्वेबद्दल लिहिलंय म्हणून विचारते. आमच्या चुलत सासऱ्यांच्या शेतात, घोड नदीच्या बाजूला, पाइपलाइनचा चर खणताना दोन मडकी आडवी, एकमेकांच्या तोंडाला तोंड लावलेली निघाली. आत माती आणि अगदी बारीक हाडं होती. घरातल्या बायकांनी भीतीनं नारळ वाहून ती परत पुरली. हे काय असावं? कोणी करणी केली असेल असं अजून घरात बोलतात.

प्रवराकाठ
ताई, करणी नाही, हे मी ठामपणे सांगतो. वर्णनावरून ते लहान बाळाचं दफन वाटतंय.

तुमच्याच घोड नदीवर, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी तिथे जोर्वे काळाचं अख्खं गाव उलगडलं, घरं, धान्याची पेवं, चुली, पुराचं पाणी वळवून आणणारा पाट. तिथली लहान मुलं घराच्या जमिनीखालीच पुरलेली होती, दोन कलश तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आणि आत बाळ. सोबत कधी एखादा वाडगा, तोटीचं भांडं, गळ्यातले मणी. मोठ्या माणसांना पाठीवर निजवून पुरत आणि बहुतेकांची पावलं घोट्यापासून तोडलेली असत. पावलं का तोडत याबद्दल तर्क आहेत, निश्चित उत्तर नाही. पण बाळाला अंगणात किंवा घराखाली, आईच्या जवळ ठेवायचं, यात भीतीचं काही दिसत नाही.

तुमच्या घरच्यांनी ती परत पुरली हे उत्तम केलं. आता दोन कामं करा. पाइपलाइनच्या चराच्या कुठल्या टोकापासून किती अंतरावर, किती खोल, हे सासऱ्यांकडून विचारून मोजून लिहा. आणि तिथे पुन्हा चर, बोअर, शेततळं करू देऊ नका. जाणकाराला दाखवेपर्यंत जमिनीखालची जागा त्या मडक्यांसाठी सगळ्यात सुरक्षित आहे.

घाटमाथा
वाचून डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, उद्या जाऊन हळद-कुंकू वाहते, आता भीती नाही. मोजमाप यांना करायला सांगितलंय.

शिवारातला
एक मनातलं विचारतो. हे सगळं खरं, पण सरकारला कळवलं तर रान जाईल ही भीती प्रत्येकाला हाय. आमच्याकडं एकाच्या रानात दगडी मूर्ती निघाली तर त्यानं रातोरात विहिरीत लोटली. का, तर सातबारावर काहीतरी चढेल.

कायदेपंडित
वकिली करतो, म्हणून यावर सविस्तर लिहितो, कारण ही भीतीच सगळ्यात जास्त नुकसान करते.

खापरं, मणी, नाणी सापडली एवढ्यावरून शेत सरकारजमा होत नाही. एखादी जागा केंद्राकडून संरक्षित घोषित व्हायची असेल तर १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याप्रमाणे आधी दोन महिन्यांची जाहीर सूचना द्यावी लागते, आणि त्या मुदतीत हितसंबंध असलेल्या कोणालाही हरकत घेता येते. संरक्षित स्थळाभोवती १०० मीटर बांधकामाला मनाई आणि पुढचे २०० मीटर नियंत्रण, हे खरं, पण घोषणा झाली तरच. उत्खननामुळे जमिनीचं नुकसान झालं तर भरपाईची तरतूद त्याच कायद्यात आहे.

पुरलेला ठेवा सापडला, म्हणजे दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची काहीही वस्तू, तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. तो सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचा असतो. ठेव्यावर कोणाचा हक्क सिद्ध झाला नाही आणि सापडणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश मालकाचा. सरकारला ठेवा हवा असेल तर ते त्यातल्या मालाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेतं. न कळवता लपवला तर मात्र हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कळवणारा फायद्यात राहतो.

१९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तू पुरावस्तू ठरतात. त्यांचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. आणि परवानगीशिवाय उत्खनन कोणालाच करता येत नाही, जमिनीच्या मालकालासुद्धा पुरातत्त्वाच्या हेतूनं नाही.

विहिरीत लोटलेल्या मूर्तीच्या मालकाला सांगा, अजूनही तहसीलदाराकडे अर्ज द्यावा.

ब्रिस्टलकर
इकडे इंग्लंडात नांगरलेल्या शेतातून रांगेत चालून पाहणी करणं हौशी मंडळांचं नेहमीचं काम आहे. मी दोन हिवाळे अशा मंडळाबरोबर चालतोय. १९९७ पासून इथे अशी सोय आहे की कोणालाही काही सापडलं की तो जिल्ह्यातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातो, अधिकारी वस्तू पाहून, जागेसह नोंद करून बहुतेक वेळा ती परत देतो. लोक कळवतात कारण वस्तू परत मिळते यावर त्यांचा विश्वास बसलाय. आपल्याकडे तालुक्याला एक असा माणूस असता तर शिवारातला यांच्या गावची मूर्ती विहिरीत गेली नसती.

रानवाट
मेटल डिटेक्टर आणून फिरवला तर? ऑनलाइन मिळतात.

प्रवराकाठ
कृपया नको. आवाज आला की माणूस खणतोच, आणि खणलं की थर गेला. आपल्याकडे तर दुसराही धोका आहे: गुप्तधन. शेतात काही निघालं ही बातमी पसरली की अमावास्येला रात्री लिंबू-नारळ घेऊन खणणारे येतात, मांत्रिक येतात, आणि सोन्याच्या आशेनं सगळी वसाहत उकरून टाकतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावानं होणाऱ्या अघोरी प्रकारांना शिक्षा आहे, पण उकरलेली जमीन शिक्षेनं परत येत नाही. मी गावाचं नाव दिलं नाही ते यामुळेच. सर्वांना विनंती: फोटो टाका, पण गाव, गट क्रमांक आणि नकाशाची खूण इथे टाकू नका. फोनमधल्या फोटोत जागेची नोंद आपोआप बसते, ती बंद करून मग चढवा. जागा कळवायची ती राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला, किंवा डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेला, लेखी.

झेडपी_गुरुजी
शाळेतल्या मुलांना घेऊन असं करावं का? आमच्या शिवारात शिवराई नाणी सापडतात, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. मुलांना फार वेड आहे.

प्रवराकाठ
गुरुजी, जरूर करा, पण वेचायला लावू नका, मोजायला लावा. मुलं मोजण्यात आपल्यापेक्षा तरबेज असतात. सोबत गावाचा जुना नकाशा घ्या. महसुली कागदांत बेचिराख म्हणून नोंदलेल्या गावांची नावं सापडतात, त्यातलं एखादं तुमच्या शिवाराला लागून असेल तर मुलांनी आधी तिथे जावं. शिवराई पुढेही पुष्कळ वर्षं पाडली आणि वापरली जात होती, त्यामुळे नाणं दिसलं म्हणून तो थर शिवकाळाचा असं लगेच धरायचं नाही, हेही त्यांना सांगा. नाणं चिंचेनं किंवा लिंबानं घासू देऊ नका. चकचकीत होतं, पण अक्षरं उडतात.

शिवारातला
नानांकडून सगळं लिहून घेतलं. टेकाडाची माती कुठल्या सालात कोणी कुठं नेली, गट क्रमांकासकट. पाच पानं झाली. अन्‌ एक बघा, नाना म्हनले टेकाडाच्या दक्षिणेला एक पट्टा अजून कोणी हात न लावलेला हाय, तिथं बाभळी हायत म्हणून वाचला. आता तुम्ही येणार का? मी खापरं धुऊन ठेवू का तोवर?

प्रवराकाठ
दादा, बाभळी तोडू देऊ नका, मुळं खणू देऊ नका, एवढं आधी. मी पेरणीच्या आधी येतो, सोबत संस्थेतल्या एका तज्ज्ञ बाईंना घेऊन. तुमच्या पाच पानांची एक प्रत काढून ठेवा, मूळ तुमच्याकडेच राहू द्या.

खापरं धुवायची तर नुसत्या पाण्यानं, मऊ ब्रशनं, आणि सावलीत वाळवायची. रंगकाम असलेलं खापर घासायचं नाही, नुसतं बुडवून काढायचं. आत काळपट थर चिकटलेला असेल तर ते मुळीच धुऊ नका, तो शिजवलेल्या अन्नाचा असू शकतो आणि त्याची तपासणी होते. हाडं आणि कोळसा धुवायचा नाही, कागदात गुंडाळून ठेवायचा. पिशवीवर बाहेरून लिहिलेलं पुसतं, म्हणून आतही एक चिठ्ठी टाका, पेन्सिलनं लिहिलेली: गट क्रमांक, बांधापासूनचं अंतर, तारीख, आणि सापडलं कोणाला त्याचं नाव. तुमचं नाव लिहायला विसरू नका.